समोरून काढलेला फोटो

लाल बटण. चार भोकांचं. भिंतीवर, कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, स्टुलावर बसणाऱ्या माणसाच्या नजरेपेक्षा किंचित वर चिकटवलेलं, आणि आता एका कडेनं सुटत आलेलं. "बटणाकडे बघा," असं ती स्टुलावरच्या माणसाला म्हणाली आणि स्वतःच बटणाकडे बघत राहिली. सुटलेल्या कडेखाली डिंकाचा पिवळट डाग... परत चिकटवायला हवं. पण आज नको. आज पाच वाजायच्या आत—

"बघतोय केव्हाचा," स्टुलावरचा माणूस म्हणाला. तो औषधांच्या दुकानात काम करतो. काउंटरपलीकडून दिवसभर वाटेल त्याच्याशी बोलणारा, पण इथे बसला की तोंडी परीक्षेला आल्यासारखा. "ते काही बोलत नाहीये."

"बोलत नाही म्हणून तर ठेवलंय," कॅमेऱ्यामागून स्टुडिओवाले काका म्हणाले. "बाकी इथे सगळे बोलतातच."

ती पुढे झाली. दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली—न टेकवता, नुसती दाखवून. "हनुवटी पुढे काढा, कासव मान काढतं तशी. आता जराशी खाली. जीभ टाळूला लावा. खांदा माझ्याकडे, चेहरा तिकडे. आणि सकाळपासून ज्याच्यावर चिडलाय त्याला माफ करून टाका. एवढ्यापुरतं."

"मेहुण्याला? नाही जमणार."

तो हसला, आणि हसू ओसरल्यावर चेहऱ्यावर जे थोडंसं मागे राहतं, नेमक्या त्यावर काकांनी बोट दाबलं.

हे तिचं काम. काका टिपतात, ती बसवते. 'बसवणं' हा स्टुडिओतलाच शब्द. "फोटो माझा, चेहरा हिनं बसवलेला," असं काका गिऱ्हाइकांना सांगतात. मुलगी, भिंगरी, आठ महिन्यांची असताना ती इथे लागली, त्याला आता चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत दारातून स्टुलापर्यंतच्या आठ-दहा पावलांत तिला माणूस कळायला लागला आहे. म्हणजे स्वभाव नाही, बाजू. दोन बाजू सारख्या कुणाच्याच नसतात. एक भुवई चढलेली असते, एक गाल जास्त भरलेला. रुंद चेहरा वळवायचा. दुहेरी हनुवटी असेल तर कॅमेरा वर घ्यायचा. चष्म्यावर दिवा चमकत असेल तर काड्या कानावरून केसभर उचलायच्या, समोरून कुणाला कळत नाही. आणि सरळ समोरून काढायचा तो फक्त ओळखपत्राचा फोटो. काकांचं ठरलेलं वाक्य आहे—जसा आहे तसा चेहरा बघायला घरी आरसा असतो, त्यासाठी जिना चढून माझ्याकडे कोण येईल?

माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. बढाई नव्हे, खरंच सुटत नाही. भिंगरी तान्ही असताना ती झोपेतले तिचे श्वास मोजायची. पाळण्याशेजारी वही असायची—किती वाजता किती दूध, कुठल्या पायावर कसलं पुरळ. मुलगी पालथी पडायला चार दिवस उशीर लावत होती तर हिनं चार पुस्तकं वाचून काढली. "अगं, तिला पडू दे की तिच्या सवडीनं," सासूबाई म्हणायच्या. "तिला काय गाडी गाठायचीय?" पण पदवीला मानसशास्त्र घेतलेल्या बाईला कुठलीच गोष्ट आपोआप होते यावर विश्वास ठेवता येत नाही. सगळ्यावर डोळा ठेवायचा. सगळ्यावर...

डोळा.

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधार केलेल्या खोलीत एक छोटी बॅटरी भिंगरीच्या चेहऱ्यासमोर धरली. भिंगरी नवऱ्याच्या मांडीवर होती. "या, इकडून बघा," डॉक्टर तिला म्हणाल्या. "हा उजेडाचा ठिपका. डाव्या डोळ्यात बाहुलीच्या मधोमध आहे. उजव्यात बघा, बाहेरच्या कडेला गेलाय. म्हणजे डोळा आत वळलाय. दिसलं?"

दिसलं. ठिपका! दिवसभर ती दुसरं काय बघते? डोळ्यात ठिपका नसला तर फोटोतला माणूस विझल्यासारखा दिसतो, म्हणून दिवा वर-खाली करून ती प्रत्येकाच्या डोळ्यात तो आणून ठेवते. दोन्ही डोळ्यांत, एकाच जागी. आणि आपल्याच मुलीच्या डोळ्यातला ठिपका तिला कुणीतरी बॅटरी लावून दाखवत होतं.

"केव्हापासून आहे हे?"

"दोन-अडीच महिने झाले असतील."

हे कोण बोललं? मी. इतकं सहज, इतकं स्वच्छ—जणू वहीत बघून सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, नवीन असेल तर आपण एका वाटेनं जाऊ, जुनं असेल तर दुसऱ्या. डोळा बराच काळ वापरात नसला तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो, आणि मग चांगला डोळा पट्टीनं झाकून आळशी डोळ्याला कामाला लावायचं तेही किती तास, किती महिने, सगळं त्यावर ठरतं. "मागचे फोटो असतील ना? समोरून काढलेले, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारे. शुक्रवारी पाच वाजता येताना घेऊन या. फोटो बरोबर सांगतात. आयांना रोज बघून बघून दिसत नाही, त्यात त्यांचा काही दोष नसतो."

"फोटोंना काय तोटा, डॉक्टर," नवरा म्हणाला. "आमच्या घरात भांडी कमी आणि हिचे फोटो जास्त."

सगळे हसले. तीही हसली.

बुधवारी मुलगी शाळेत गेल्यावर ती फोटो घेऊन बसली. झोपाळ्यावर, टबमध्ये, आजोबांच्या खांद्यावर, चार मेणबत्त्यांच्या केकपुढे गाल फुगवून... हजारांनी फोटो. पहिल्या वर्षाचे कसेही—वाकडे, जांभई देणारे, मिटलेल्या डोळ्यांचे, सगळ्या बाजूंनी. पुढे डावा गाल वाढत जातो. आणि भिंगरी अडीच वर्षांची होते त्या सुमारापासून डावा गाल, डावा गाल, डावा गाल, उजवा डोळा नाकाच्या पलीकडे, सावलीत. एकही समोरून नाही. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. अगदी शपथेवर. धंद्याची सवय, हात आपोआप वळवतात, असंच तिनं स्वतःला सांगितलं. पण मग हात कुणाचे? हातांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं, असं असतं का कुठे?

सासूबाई एकदा म्हणाल्याही होत्या. भाजी निवडता निवडता, वर न बघता: "पोर मधूनच नाकाकडे बघते गं एका डोळ्यानं." आणि ती पटकन म्हणाली होती, "आई, लहानपणी नाक बसकं असतं ना, म्हणून तसा भास होतो. वाचलंय मी." वाचलं होतं, खोटं नव्हतं. सासूबाईंनी भाजीतली एक काडी बाजूला टाकली. "तू वाचलंयस म्हणजे असेल."

"अगं, लक्ष कुठंय?" काका म्हणाले. "बहिणी-बहिणी आल्यात."

दोघी सत्तरीकडे झुकलेल्या, एकाच कापडातून बेतल्यासारख्या. थोरली पुढे आली आणि स्टुलं बघून लगेच डावीकडच्या स्टुलावर बसली. आपल्याच घरात आपल्याच जागेवर बसावं तशी. धाकटी उभीच राहिली. तिची डावी पापणी अर्धी उतरलेली होती, दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकावं तशी. जन्मापासूनची असावी, कारण उरलेला चेहरा तिच्याभोवती व्यवस्थित बसला होता. दारातून आत येतानाच तिनं—बसवणारीनं—मनात ठरवलं होतं: धाकटीला डावीकडे वळवायचं, थोरलीचा खांदा पुढे घ्यायचा, पापणी थोरलीच्या केसांच्या सावलीत जाईल.

"तू ऊठ तिथून," धाकटी म्हणाली.

"का? मी नेहमी इथेच बसते."

"नेहमी बसतेस म्हणूनच. आज मी बसणार."

"हिचं वय वाढलं तसा हट्ट वाढला," थोरली तिला सांगू लागली. "मुली, तूच सांग हिला. हिची ती बाजू चांगली येत नाही."

"आणि तुझी कुठली चांगली येते? पाठमोरी?"

काका खोकल्यासारखं हसले. थोरली मात्र हसली नाही. ती पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "आईनं सांगितलं होतं मला. शाळेतला पहिला ग्रूप फोटो होता. म्हणाली, तू हिच्या डाव्या अंगाला उभी राहा, जरा पुढे. साठ वर्षं राहिले. माझ्या लग्नातसुद्धा राहिले, नवरा पलीकडे ताटकळत होता."

"मला कुठे कुणी सांगितलं होतं?" धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हरवलेल्या किल्लीबद्दल बोलावं तसा आवाज होता. "मला आपलं वाटायचं, हिला माझ्या या बाजूला उभं राहायला आवडतं. आई गेल्यावर एकदा हीच बोलून गेली. तेव्हा घरी जाऊन सगळे फोटो काढून बघितले बाई... चांगले आहेत सगळे. छान आहेत. पण त्यात मी कधी अख्खी नाहीच."

थोरली उठली. दुसऱ्या स्टुलावर जाऊन बसली, आणि तिथे तिला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. धाकटीनं तिचा एक हात ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "आता कसं बसू?" तिनं विचारलं, आणि विचारताना चेहरा सरळ वर केला.

ती पुढे झाली. दोन बोटं हनुवटीखाली गेली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कोन, खांदा, दिवा थोडा खाली. "अशाच बसा," ती म्हणाली. काकांनी कॅमेऱ्यावरून डोकं काढून तिच्याकडे बघितलं. मग टिपलं.

भिंगरी साठ वर्षांची होईल तेव्हा मी नसेन. ती एखाद्या दुपारी पेटी काढून बसेल. हजारांनी फोटो, एकापेक्षा एक सुंदर, उजेड कसा लोण्यासारखा गालावर... आणि ती सगळे उलटेपालटे करून शोधत राहील. माझी आई मला कुठे बघत होती?

चार वाजले. मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता, आणि त्यात काकांनी 'कच्चे' असं नाव दिलेला कप्पा. कच्चे म्हणजे हात न लावलेले, कॅमेऱ्यातून आले तसे. काका कच्चे कधी पुसत नाहीत. तीन दिवस तिला हे माहीत होतं. तीन दिवस ती त्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे पुरळ, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढत होती आणि त्या कप्प्याकडे बघत नव्हती, घरात पाहुणा आहे आणि आपण त्याला सोडून पडदे झटकतोय तशी.

गेल्या वर्षीची, शाळाप्रवेशाच्या आधीची तारीख तिनं शोधली. सात फोटो. भिंगरी याच स्टुलावर, पिवळ्या फ्रॉकमध्ये. पहिल्या सहांत ती आपणहून डावा गाल पुढे करून, हनुवटी कासवासारखी काढून बटणाकडे बघते आहे. बटण तिच्याच स्वेटरचं. स्वेटर तोकडा झाला तेव्हा तिनंच ते इथे आणून लावायला लावलं होतं, "म्हणजे सगळे लोक माझ्याकडे बघतील." सातव्याच्या वेळी मी म्हणाले असणार, माझ्याकडे बघ पिल्लू, शाळेला समोरून हवाय. सातव्यात ती समोर बघते आहे.

तिनं मोठा केला. डावा डोळा, ठिपका मधोमध. उजवा डोळा...

एक वर्ष आणि एक महिना.

आता सगळं आठवलं. म्हणजे आठवलं असं म्हणायचं, विसरली होती कुठे? याच खुर्चीवर बसून तिनं उजवं बुबुळ बाहेर सरकवलं होतं. फार नाही, तांदळाच्या दाण्याच्या टोकाइतकं. ठिपका उचलून मध्ये ठेवला होता. त्या वेळी मनात काय होतं? काकांच्या गिऱ्हाइकांचं करते तसंच—क्लिक होताना नजर हलली असेल, नीट करून टाकू. दोन मिनिटांचं काम. चहा गार व्हायच्या आत झालं होतं. मग तिनं फोटो छापला, कापला आणि शाळेत देऊन आली. तो आज ओळखपत्रावर भिंगरीच्या गळ्यात लटकतो आहे. सरळ डोळ्यांची मुलगी. तिच्या आईनं बसवलेली.

कच्चा छापायला टाकला. यंत्रातून कागद येताना ती उभी राहिली. समजा, हा सापडलाच नाही? समजा, काकांनी या एका वर्षीचे पुसले असते? डॉक्टरांना म्हणता येईल, काय करणार, माझी सवयच वाकडी, सगळे एका बाजूचे... त्या हसतील. आयांचा दोष नसतो. आणि त्यांच्या वहीत दोन-अडीच महिने तसंच राहील, आणि पट्टी त्या हिशोबानं, आणि तो डोळा... मेंदू त्याचं ऐकणं सोडतो. म्हणजे डोळा बघत असतो. बघत असतो, सांगत असतो, आणि आत कुणी ऐकत नाही. हे डॉक्टर मुलीच्या डोळ्याबद्दल बोलत होत्या.

कागद ऊन ऊन बाहेर आला. तिनं तो पाकिटात घातला.

सव्वाचारला जिन्यावर भिंगरीची पावलं वाजली—एक पायरी सोडून एक—आणि मागे नवऱ्याचा आवाज: "कठडा धर, कठडा!" गेल्या महिन्यात ती याच जिन्यावर दोनदा अडखळली होती, तेव्हा चपला मोठ्या होतात म्हणून नव्या आणल्या होत्या.

"चला, तयार?" नवरा आत येत म्हणाला. तो खुशीत होता. "अगं, मला आज ऑफिसात बसल्या बसल्या सुचलं. आपण वेड्यासारखे फोटो शोधतोय आणि हा बघ, रोज गळ्यात घालून फिरतेय बया!" त्यानं खिशातून शाळेचं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी बोटाला गुंडाळलेली. "एकदम समोरून. आणि डोळे बघ, सरळ रेघ. वर्षापूर्वी काही नव्हतं. म्हणजे तू म्हणालीस तेच, नवीनच आहे सगळं. मी तर सुटलो बाई."

त्याच्या चेहऱ्यावरचं सुटणं खरं होतं. असा चेहरा बसवता येत नाही. किती गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर तो यावा म्हणून ती जंग जंग पछाडते.

"मीपण काढू फोटो?" भिंगरीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती स्टुलावर चढली. बसली. खांदा इकडे. डावा गाल पुढे. हनुवटी बाहेर, मग खाली, जीभ टाळूला—कुणी न सांगता, एखादी कविता म्हणावी तसं तिनं एकेक करत नेलं आणि बटणाकडे बघत थांबली. किती बरोबर. किती सुंदर.

"आई, माझं बटण पडतंय."

"पडू दे. तू माझ्याकडे बघ."

"बटणाकडे नको?"

"नको. इकडे. समोरून."

भिंगरी वळली. तिच्यामागे काकांनी दिवे मालवलेले, समोर खिडकी. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा एकेक पांढरा तुकडा. डावा मधोमध. उजवा बाहेरच्या कडेशी. एक डोळा आईपर्यंत पोचला होता आणि दुसरा नाकाजवळ कुठेतरी थबकला होता, हाक ऐकू न आल्यासारखा. तिची दोन बोटं सवयीनं उचलली गेली, हनुवटीकडे... आणि हवेतच राहिली.

"काय करतेस?" नवऱ्यानं विचारलं.

"बघतेय."

"हसू का?" भिंगरी म्हणाली.

"तुला हसायचंय?"

तिनं विचार केला. "नाही. भूक लागलीय."

"मग नको हसूस."

"पाकिटात काय आहे गं?" नवरा म्हणाला. दोरी अजून त्याच्या बोटाला होती, कार्ड हलत होतं आणि त्यावरची सरळ डोळ्यांची मुलगी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "फोटो सापडला का आणखी एखादा? कधीचा?"

त्याचा प्रश्न ऐकला तेव्हा कळलं, मी कशी उभी आहे. भार मागच्या पायावर, खांदा त्याच्याकडे, चेहरा जरासा पलीकडे, नजर त्याच्या कानाच्या किंचित वर भिंतीवर. चार वर्षं सगळ्यांना बसवते तशीच मी स्वतःला बसवून ठेवलं होतं, मंगळवारपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, आणि किती दुखायला लागली होती मान. मी पुढचा पाय मागे घेतला. दोन्ही पायांवर भार दिला. मग मान.

समोरून तो वेगळाच दिसत होता, थकलेला, एक भुवई चढलेली. पाकीट माझ्या हातात अजून कोमट होतं.